किनाऱ्यावरच्या रानअळंब्यांची नोंद: पहिल्या फोटोपासून वाळलेल्या नमुन्यापर्यंत

पहिल्या वर्षी मी वाळूच्या टेकाडांवर आणि सुरूच्या बनात मिळून चाळीसेक अळंब्यांचे फोटो काढले. सगळे वरून, उभ्याउभ्या, मोबाइल खाली धरून. घरी येऊन मोठ्या हौसेने ते एका जाणकाराला पाठवले. उत्तर दोनच शब्दांचं आलं: “खालची बाजू?” ती माझ्याकडे एकाही अळंबीची नव्हती. चाळीसपैकी दोन नावापर्यंत पोचल्या. त्यातली एक शिझोफायलम कम्यून, जी अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर सुक्या लाकडाला चिकटलेली सापडते. म्हणजे ज्या नोंदीची कुणी वाट पाहत नव्हतं, नेमकी तीच पक्की झाली.

हा लेख ती चूक टाळू पाहणाऱ्यांसाठी आहे. किनारपट्टीवर फिरताना अळंबी दिसली तर तिची अशी नोंद कशी करायची, की आपल्याला कधीही न भेटलेला माणूस वीस वर्षांनी तीवर विसंबू शकेल, एवढाच विषय. खाण्यासाठी अळंबी ओळखायची असेल तर हा लेख कामाचा नाही. उलट, इथे शिकलेल्या कुठल्याही गोष्टीच्या भरवशावर काहीही तोंडात घालू नका. अमॅनिटा फॅलॉइड्ससारख्या अळंबीतलं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायलाच सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर यकृतावर घाला पडायला सुरुवात झालेली असते. हाताळायला मात्र घाबरू नका. हे विष कातडीतून आत जात नाही. नंतर हात धुतले की झालं.

नोंदीला किंमत का आहे, तर आजवर जगात सुमारे 1,55,000 बुरशींना शास्त्रीय नाव मिळालंय, आणि 2017 मध्ये मांडलेला अंदाज असा, की प्रत्यक्षात जाती 22 ते 38 लाख असाव्यात. यात सूक्ष्म बुरशी खूप आहेत हे खरं, पण टोपी-देठवाल्यांतही अनोळखी काही कमी नाहीत. आणि किनाऱ्याला या कामात जुना मान आहे. 1564 साली हाड्रियानुस युनियस या डच वैद्याने हॉलंडच्या वाळूच्या टेकाडांवर उगवणाऱ्या एका दुर्गंधी अळंबीवर चित्रासकट छोटी पुस्तिका छापली. एकाच अळंबीला वाहिलेलं ते बहुधा पहिलंच लेखन. पुढे त्या अळंबीला त्याचंच नाव मिळालं: फॅलस हाड्रियानी. जंगलात उगवणाऱ्या तिच्या बहिणीपासून ती वेगळी ओळखायची तर वाळूत दडलेलं तिचं ‘अंडं’ उकरून रंग बघावा लागतो. हिचं अंडं गुलाबी-जांभळट, तिचं पांढरं. वरचा दांडा कितीही वेळा टिपला तरी हा फरक फोटोत येत नाही.

किनाऱ्यावरची निम्मी माहिती वाळूखाली असते आणि उरलेली निम्मी वाऱ्याने, उन्हाने, खाऱ्या दमटपणाने दुपारपर्यंत बिघडते. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. नाव काय, हा प्रश्न शेवटचा आहे.

निघण्याआधी

सामान थोडं लागतं. बोथट पात्याची सुरी किंवा लांब चमचा (वाळूत चमचाच बरा चालतो), मिलिमीटर दाखवणारी छोटी पट्टी, पेन्सिल, जाड पुठ्ठ्याची वही, मेणकागद किंवा कागदी पिशव्या, आणि हे सगळं ठेवायला कडक बाजूंची टोपली किंवा डबा. शाईचं पेन घेऊ नका, दमट हवेत अक्षर पसरतं. प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत. त्यात अळंबी घाम सुटल्यासारखी ओली होते आणि तासाभरात तिचा लगदा होतो. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग मिळालं तर जरूर घ्या. पण त्यावाचून अडून बसू नका.

परवानगीचं आधी बघा. फोटो काढणं आणि नमुना उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनाऱ्यावरची बरीच जागा राखीव असते, कांदळवनं तर अनेक देशांत कायद्याने संरक्षित आहेत, आणि टेकाडांवर पक्ष्यांची किंवा कासवांची घरटी असू शकतात. जागा कुणाची हे विचारा, लेखी परवानगी मिळाली तर तिचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे नमुना एखाद्या संस्थेला द्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो. नमुना दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर 2014 पासून लागू झालेला नागोया करारही (देशोदेशींच्या जैविक संपत्तीच्या वापराबद्दलचा) आडवा येऊ शकतो. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय खाजणात पाऊल टाकू नका. अळंबी दुसऱ्या दिवशीही दिसेल.

कुठे आणि कधी

पावसाच्या चांगल्या सरीनंतर साधारण आठवडाभर थांबून निघालं तर हाताला जास्त लागतं. वेळ सकाळची. ऊन वर आलं की वाळूवरच्या नाजूक टोप्या आक्रसतात, रंग उडतो.

नवखा माणूस किनाऱ्याला एकच जागा समजतो. बुरशीच्या हिशेबाने तिथे पाच-सहा वेगळी गावं असतात आणि प्रत्येकातली वस्ती निराळी. भरतीरेषेपासून आत, जमिनीच्या बाजूला, वाळू धरून ठेवणाऱ्या गवताच्या झुपक्यांत एक मंडळी असते. समशीतोष्ण किनाऱ्यांवर मॅरम नावाच्या गवताजवळ येणारी सॅथिरेला अमोफिला तिथलीच. तिचा देठ बहुतेक सगळा वाळूत गाडलेला असतो आणि वर नुसती तपकिरी टोपी बसवून ठेवल्यासारखी दिसते. त्याच्या मागे लावलेली झाडं, सुरू, पाइन, निलगिरी. यांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या अळंब्या झाडाबरोबरच येतात. निलगिरीखाली वाळूतून वर आलेला, वेडावाकडा, फोडल्यावर तपकिरी पूड उडवणारा गोळा दिसला तर तो पिसोलिथस असण्याची शक्यता चांगली. मग उघडी हिरवळ आणि चराऊ गवत. मग वारुळांची जमीन, जिथे उष्ण प्रदेशांत टर्मिटोमायसेस येतात. त्यांचा देठ मुळासारखा खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो.

खाजण आणि वाहून आलेलं लाकूड यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे मोठ्या छत्र्या शोधू नका. कांदळवनातल्या मेलेल्या लाकडावर हॅलोसायफिना व्हिलोसाच्या पांढुरक्या, टाचणीच्या डोक्याहून लहान वाट्या असतात. समुद्रात भिजलेल्या ओंडक्यावर नाया व्हायब्रिसाचे काही मिलिमीटरचे गोळे. हीसुद्धा अळंबीच्याच कुळातली, फक्त समुद्राला सरावलेली. गुडघे टेकून, भिंग लावून बघितलं तरच दिसतात. आणि वाहून आलेल्या लाकडाबद्दल एक खबरदारी: ते झाड कुठलं आणि कुठून आलं हे आपल्याला ठाऊक नसतं. वहीत ‘वाहून आलेलं लाकूड, भरतीरेषेवर’ असंच लिहा. जवळ उभ्या असलेल्या झाडाचं नाव त्याच्या गळ्यात बांधू नका.

हात लावण्याआधी

अळंबी दिसली की आधी बसा. मग आहे तशी, आहे तिथे, तिचे फोटो. पहिला फोटो दोन-तीन पावलं मागून: आजूबाजूचं गवत, झाड, उतार सगळं यावं. दुसरा तिच्या उंचीवर मोबाइल आणून, बाजूने, म्हणजे टोपीचा आकार आणि देठ एकत्र दिसतील. तिसरा वरून, जवळून. पट्टी शेजारी ठेवून एक. कडक ऊन असेल तर अंगाची सावली पाडा. अर्धं उजेडात, अर्धं सावलीत असा फोटो कुणाच्याच कामाचा नसतो. फ्लॅश बंद. किनाऱ्यावर लेन्सवर मिठाचा पातळ थर बसतो आणि सगळं धुरकट येतं, म्हणून मऊ कापड खिशात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पुसा. मला हे उशिरा कळलं. एका अख्ख्या सकाळचे फोटो मी धुकं समजून फेकले होते.

एकाच जागी लहान, मध्यम, म्हातारी अशा सगळ्या वयांच्या अळंब्या असतील तर सगळ्यांना फोटोत घ्या. टोपी वयाबरोबर आकार आणि रंग दोन्ही बदलते. कळीच्या वेळची घंटा चार दिवसांनी उलटी थाळी झालेली असते.

मोबाइलचं लोकेशन चालू आहे ना, ते बघा. मोकळ्या किनाऱ्यावर साधारण पाच मीटरच्या आत अचूकता मिळते, दाट झाडीत ती घसरते. अक्षांश-रेखांश हाताने लिहीत असाल तर दशांशानंतर चार आकडे पुरतात, कारण अक्षांशाचा चौथा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण 11 मीटर. दोनच आकडे लिहिले तर चूक किलोमीटरभर होते, आणि किनाऱ्यावर किलोमीटरभर म्हणजे नोंद थेट समुद्रात. असे समुद्रात पडलेले अळंब्यांचे ठिपके नकाशांवर मी स्वतः पाहिले आहेत.

उपटू नका, खणा

सगळ्यात जास्त माहिती इथे गमावली जाते. देठाला धरून वर ओढलं की वाळूतून ती सहज निघते, आणि तळ खालीच राहतो. तळाशी पेला आहे का, गाठ आहे का, मुळासारखी शेपूट आहे का, पांढरे तंतू कशाला चिकटले आहेत, यांतल्या एकेका उत्तरावर अख्खी प्रजाती फिरते. अमॅनिटा कुळाची ओळखच मुळी त्या तळच्या पेल्यावर उभी असते, आणि नवख्याने आणलेल्या नमुन्यांत नेमका तोच नसतो.

करायचं असं. देठापासून चार बोटं लांब चमचा खुपसा, उभा, खोल. चहूबाजूंनी वाळू सैल करा. मग एका बाजूची वाळू उकरून काढा म्हणजे देठ उभाच राहून बाजूने उघडा पडेल. एकदा अशी टोपी मी खणायला घेतली. वर दिसत होती ती अंगठ्याच्या नखाएवढी, मातकट, वाळूला टेकलेली. कुणी तपकिरी गुंडी टाकून गेलंय असं वाटावं. एक बोट खाली देठ पांढरा आणि कोरडा होता. तीन बोटं खाली त्याला वाळूचे कण चिकटायला लागले, फुंकर मारली तरी सुटेनात. वीतभर खाली देठ संपला आणि तिथून बारीक तंतूंचा पुंजका निघून गवताच्या एका मेलेल्या, काळ्या पडलेल्या मुळीभोवती गुंडाळलेला होता. ती अळंबी वाळूत उगवली नव्हती, मेलेल्या मुळीवर उगवली होती. वरून बघून मी ‘वाळूत’ असं लिहिलं असतं, आणि ते चूक ठरलं असतं.

त्या उघड्या पडलेल्या अवस्थेत, खाली काय आहे त्यासकट, आणखी एक फोटो. मग सगळं एकत्र उचला, मुळीच्या तुकड्यासकट. आता उलटी करा आणि खालची बाजू टिपा: पट्ट्या आहेत, बारीक छिद्रं आहेत की काटे? पट्ट्या देठाला चिकटल्या आहेत, थोड्या उतरल्या आहेत की देठापासून सुट्या आहेत? एकीला उभी चिरून कापलेली बाजूही टिपा, आणि कापल्यावर गर रंग बदलतो का ते मिनिटभर बघा. निळा, लाल, काळा, जो होईल तो, किती वेळात झाला त्यासह. खणलेला खड्डा बुजवायला विसरू नका.

वहीत काय उतरवायचं

फोटो सगळं सांगतो असं वाटतं, पण वास, स्पर्श, चिकटपणा आणि आजूबाजूची झाडं यांतलं काही तो सांगत नाही. वहीतली एक नोंद अशी दिसते:

*क्र. 2024-017. 12 जुलै, सकाळी 7.40. टेकाडाचा समुद्राकडचा उतार, भरतीरेषेपासून अंदाजे 60 पावलं आत. गवताच्या झुपक्याला लागून, मेलेल्या मुळीवर, वाळूखाली वीतभर. तीन, एकमेकींपासून दोन-तीन वितींवर, जुळलेल्या नाहीत. टोपी 22 ते 28 मिमी, कोरडी, मातकट, मध्यभागी गडद. पट्ट्या करड्या-तपकिरी, कडा फिकट. देठ पांढरा, पोकळ, कडं नाही. कापल्यावर बदल नाही. वास: नाही म्हणण्याइतपत. 10 पावलांच्या आत झाड नाही. परवा रात्री जोराचा पाऊस. तीनपैकी दोन घेतल्या.*

नाव कुठेही नाही, आणि ते ठीक आहे. ‘10 पावलांच्या आत झाड नाही’ हे वाक्य मात्र सोन्याचं आहे. झाडाशी भागीदारी करणाऱ्या डझनभर प्रजाती एका फटक्यात बाद होतात.

क्रमांक एकदा दिला की पुन्हा वापरायचा नाही, नमुना फेकून दिला तरीही. तोच क्रमांक वहीत, पिशवीवर, फोटोत चिठ्ठीवर आणि पुढे ऑनलाइन नोंदीत. वासाला उपमा सरळ द्या: मुळा, ताजं पीठ, ओली माती, डांबर, कडू बदाम, सडका मासा. ‘छान’ किंवा ‘विचित्र’ लिहू नका. चव घेऊन बघण्याची रीत काही तज्ज्ञ विशिष्ट कुळांसाठी वापरतात. तुम्ही ती वापरू नका.

आणि काहीच न सापडलेली फेरीही लिहा. दीड तास, अमुक पट्टा, काही नाही. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यात अळंब्या दिसल्या तर आधी तिथे बघणारं कुणी होतं, एवढं तरी त्या ओळीमुळे कळतं.

उचलायचं की नाही

सगळं उचलायची गरज नसते. ओळखीची, सगळीकडे दिसणारी असेल तर फोटो आणि नोंद पुरे. नमुना तेव्हा घ्या जेव्हा तुम्हाला ती अनोळखी आहे, फोटोवरून ठरणार नाही असं दिसतंय, आणि वाळवायला आज संध्याकाळी वेळ आहे. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. डब्यात सडून गेलेला नमुना म्हणजे उगाच तोडलेली अळंबी. चांगल्या वाढलेल्या दोन-तीन आणि जमलं तर एक कळी, एवढं घ्या. एकटीच असेल तर फोटोवर भागवा. अळंबी हे फळासारखं असतं, खालचं कवकजाळं, म्हणजे बुरशीच्या तंतूंचं जाळं, जिवंत राहतं. पण पायांनी तुडवून टेकाडाचं गवत मोडलं तर तेही राहत नाही, म्हणून ये-जा एकाच वाटेने करा.

प्रत्येक जात वेगळ्या कागदात, क्रमांकाची चिठ्ठी आत. दोन प्रकार एका पिशवीत घातले की एकीचे बीजाणू, म्हणजे तिची बियांसारखी बारीक पूड, दुसरीवर पडतात, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही भलत्याचीच मापं घेत बसता.

घरी पोचल्यावर: बीजाणूंचा ठसा

हे आधी, चहा नंतर. एक वाढलेली टोपी देठापासून कापा, पट्ट्या खाली करून ॲल्युमिनियमच्या फॉइलवर किंवा काचेवर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका आणि वाटी पालथी घाला. नाजूक टोपी दोन-तीन तासांत ठसा देते, काहींना रात्रभर लागते. पांढऱ्या कागदावर घेतलेला पांढरा ठसा दिसतच नाही, म्हणून फॉइल किंवा काच. शिवाय त्यावरून पूड खरवडून एकत्र करता येते. रंग ढीग करून, दिवसाच्या उजेडात बघायचा. पातळ थराचा रंग फसवतो.

या ठशाचं मोल एका उदाहरणात कळतं. उष्ण आणि उबदार प्रदेशांतल्या हिरवळीवर क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स नावाची मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची देखणी अळंबी येते. कोवळेपणी तिच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात, आणि खाल्ल्या जाणाऱ्या काही जातींशी तिचा चेहरा इतका जुळतो की पोट बिघडून दवाखान्यात पोचणाऱ्यांत तिचं नाव वारंवार येतं. फॉइलवर ठसा घेतला की सकाळी तिथे मळकट हिरवी पूड असते. असा हिरवा ठसा अळंब्यांत फार थोड्यांचा. फोटोंवर दहा जणांनी घातलेला वाद त्या चमचाभर पुडीने मिटतो.

किनाऱ्यावरच्या नमुन्यांना एक खोड असते: ठशात वाळू. आधी मऊ ब्रशने पट्ट्या झटका, धुऊ नका. ठसा वाळल्यावर फॉइल आतल्या बाजूला दुमडा, क्रमांक लिहा आणि नमुन्याबरोबर ठेवा.

वाळवणं, आणि खाऱ्या हवेशी झगडा

फळं-भाज्या सुकवायचं विजेवरचं यंत्र मिळालं तर उत्तम. 40 ते 45 अंश सेल्सियस, हवा खेळती, आणि नमुना बोटांत कट्कन मोडेपर्यंत. बारीक अळंबी रात्रीत होते, जाड गराच्या अळंबीला उभे काप करावे लागतात. भट्टी आणि मायक्रोवेव्ह नको: अळंबी वाळण्याऐवजी शिजते, आणि आतला डीएनएही खराब होतो. फॉर्मॅलिनही त्याच कारणासाठी नको. उन्हात वाळवणं किनाऱ्यावर जमत नाही, कारण दिवसा सुकलेलं रात्रीच्या दमट वाऱ्यात पुन्हा मऊ पडतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझे अकरा नमुने कडक वाळले होते. ते मी कागदी पाकिटांत घालून, पाकिटं उघड्या फळीवर ठेवून दोन आठवडे बाहेरगावी गेलो. परत आलो तर सगळे चामड्यासारखे लवचिक, चारांवर हिरवी भुरी आणि एका पाकिटात नुसता भुगा, त्यात एक तपकिरी किडा आरामात फिरतोय. तेव्हापासून नियम पक्का: यंत्रातून काढला की गरम असतानाच घट्ट झाकणाच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या म्हणजे ओल शोषून संपल्याचं कळतं. ते पुन्हा तापवून वापरता येतं. मग पिशवी घरच्या फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांत, किमान आठवडाभर, म्हणजे किडे आणि त्यांची अंडी मरतील. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत वाया.

डीएनए तपासणीची शक्यता असेल तर ताज्या टोपीच्या आतल्या गराचा वाटाण्याएवढा तुकडा, स्वच्छ पात्याने काढून, वेगळ्या छोट्या पिशवीत सिलिका जेलबरोबर आधीच टाका. 2012 मध्ये बुरशींच्या ओळखीसाठी आयटीएस नावाचा डीएनएचा पट्टा प्रमाण ‘बारकोड’ म्हणून मान्य झाला. असा तुकडा नीट राखलेला असला तर तो वाचणं पुढे सोपं जातं.

पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलने आणि पूर्ण वाक्यांत. क्रमांक, तारीख, जागा (आकडे आणि शब्द दोन्ही), कशावर उगवली होती, आजूबाजूचं झाड, गोळा करणाऱ्याचं नाव. ‘वही पाहा’ असं लिहू नका, वही हरवते. इंग्लंडमधल्या क्यू इथल्या बुरशी-संग्रहात साडेबारा लाखांवर नमुने आहेत, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याला आज अर्थ आहे तो त्याच्याबरोबर पाकिटात राहिलेल्या चिठ्ठीमुळे. तुमच्या जवळच्या विद्यापीठात किंवा वनस्पती-संग्रहालयात बुरशी स्वीकारतात का हे गोळा करायला सुरुवात करण्याआधीच विचारा. घरातल्या कपाटात ठेवलेला नमुना मालकाच्या उत्साहाइतकाच टिकतो.

नोंद चढवताना

निसर्गातल्या नोंदी चढवायचं, 2008 मध्ये सुरू झालेलं आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ यासाठी सोपं ठिकाण. फक्त बुरशीसाठीचं मशरूम ऑब्झर्व्हर त्याहून जुनं, 2006 चं. एका अळंबीचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका. पाच फोटोंच्या पाच नोंदी केल्या तर त्या पाच अळंब्या ठरतात. तारीख बघून घ्या, कारण जुने फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले असले की तारीख आणि जागा दोन्ही पुसली गेलेली असते. वहीतलं वर्णन टिपणाच्या चौकटीत तसंच उतरवा आणि नमुना ठेवलाय, अमुक क्रमांकाचा, हेही लिहा.

आयनॅचरलिस्टवर तारीख, जागा आणि पुरावा असलेली नोंद, ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं की ‘रिसर्च ग्रेड’ होते. मग तिथून ती जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाऊ शकते, पण तुम्ही नोंदीला दिलेला परवाना तशी मुभा देणारा हवा. ‘सर्व हक्क राखीव’ ठेवलं तर नोंद तिथेच अडकते. दुर्मिळ अळंबी असेल किंवा जागा तुडवली जाण्याची भीती वाटत असेल तर स्थान धूसर करायची सोय वापरा: मग लोकांना सुमारे 20 किलोमीटरच्या चौकटीतला कुठला तरी ठिपका दिसतो. अचूक जागा मात्र तुमच्या वहीत असू द्या.

आता नाव. मोबाइलने सुचवलेलं पहिलं नाव स्वीकारायची घाई नको. ही सुचवणूक ज्या भागातून भरपूर फोटो येतात तिकडच्या जातींकडे झुकते, आणि ज्यांचे फोटोच नाहीत त्या बिचाऱ्या यादीत कधी येतच नाहीत. खात्री असेल तिथपर्यंतच जा. फक्त ‘बुरशी’ लिहिलेली नोंदही कुणी तरी पुढे नेतं; चुकीच्या प्रजातीचं नाव लिहिलं आणि दुसऱ्याने भिडेखातर होकार दिला तर ते नकाशावर वर्षानुवर्षं तसंच बसतं. कुणी तुमची ओळख खोडली तर ‘कशावरून?’ असं सरळ विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं अशाच उत्तरांतून शिकलो.

माझी ती वाळूतली 2024-017 अजून ‘अॅगॅरिकेलीस’ या गणाच्या नावावरच थांबली आहे. ठसा गडद तपकिरी आला, दोन जणांनी दोन वेगळ्या प्रजाती सुचवल्या, तिसऱ्याने बीजाणूंचं माप मागितलं. वाळलेला तुकडा सिलिका जेलमध्ये आहे आणि सूक्ष्मदर्शक पुढच्या आठवड्यात उसना मिळणार आहे.